रकाना सतरा

बेलापूरला सातव्या मजल्यावर बसून
मी देशाची दारू मोजते.
पिण्याची नव्हे. तो रकाना सोळा,
शेजारच्या टेबलावर, गोडांबेंकडे.
माझा सतरा :
मद्य, खाद्येतर वापर, हजार टनांत.

म्हणजे अत्तर. टिंक्चर. शाई.
प्रयोगशाळेत बेडूक ज्यात वर्षानुवर्षं झोपतो ते.
सुईच्या आधी दंडावर फिरणारा गार बोळा.
कुणाच्याही ओठाला न लागता
दरसाल किती उडून जातं
ते मी दोन दशांशांपर्यंत सांगू शकते.

वीस वर्षांची रेघ पडद्यावर आहे.
आधी मंद चढ, घाई नसल्यासारखा.
मग एक खड्डा; कारण तळटीपेत.
मग ते वर्ष, रेघ ताडासारखी उभी राहिली :
अख्खा देश हात चोळत होता
आणि गेटवरचा वॉचमन
येणाऱ्याच्या तळव्यावर
आचमनाइतकं ओतत होता.
पुढे उतार.
साहेब म्हणाले, कल काय तो लिहा.
लिहिलं : कल स्थिरावत आहे.

खिडकीतून पारसिकची टेकडी दिसते.
तिच्या उत्तर टोकाकडे, रबाळ्याला,
पत्र्याच्या शेडमध्ये बाबा पॉलिश करायचे.
लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत,
सकाळी डब्यात मधाचा रंग.
कापसावर मलमल, मलमलीवर तेलाचा एक थेंब,
आणि हात इंग्रजी आठात फिरत राही
कपाटाच्या दारात आमची तोंडं उमटेपर्यंत.

डब्यावर लाल अक्षरं : पिण्यास अयोग्य.
त्यात मुद्दाम घाण कालवलेली असते, बाबा सांगायचे,
माणसाला उलटी यावी म्हणून.
विश्रामला यायची नाही.
तो वरचं वरचं फडक्यातून गाळून घ्यायचा.
एका सकाळी त्याला शिसव आणि साग
वेगळे दिसेनात.
दुपारी दार दिसेना.
ठाण्याच्या सिव्हिलमधून
त्याची चप्पल बाबांनी आणली, पिशवीत घालून.
तो लिटर अजून माझ्याच रकान्यात आहे.
खाद्येतर. पावती जोडलेली.

आणि उलटंही.
बाबांची सीलबंद, दुकानातली,
गोडांबेंच्या हिशेबातली बाटली
आई पगाराच्या रात्री मोरीत ओतायची,
नळ बारीक सोडून, आवाज व्हायला नको म्हणून.
बाबा जागे असत. डोळे मिटून, जागे.
एकदाही उठले नाहीत.
का, ते मी विचारलं नाही, अजूनही नाही.
तळाशी थोडी ती राखून ठेवी :
धाकट्याच्या छातीला चोळायला, कफ सुटतो,
आणि अवसेला टोपणभर
गोठिवलीच्या वेशीवरल्या वेताळाला.
पितो तो, ती म्हणायची.
दगड ओला व्हायचा. उन्हानं सुकायचा.

हे सोळात धरायचं की सतरात?
मार्गदर्शक सूचना मी दोनदा वाचल्या.
त्यात निर्यात आहे, साठा आहे, गळती आहे.
मोरी नाही. देव नाही.

तक्त्याच्या तळाला एक ओळ असते :
न जुळणारा फरक.
साहेब म्हणतात, वाटून टाका इकडेतिकडे,
दिल्लीला शून्य आवडतं.
यंदा शून्य पूर्णांक शून्य चार आहे.
मी तो तसाच पाठवला.

लाकूडकामाचा आकडा तर दरसाल रोडावतोय.
आता सगळं लॅमिनेट, येतानाच चकाकत येतं.
बाबा माझ्या घरी जेवायच्या टेबलावरून
अंगठा फिरवतात आणि काही बोलत नाहीत.

परवा ऐरोलीच्या दवाखान्यात
नर्सनं त्यांच्या दंडाला बोळा लावला.
त्यांनी मान वळवली, नाक जवळ नेलं,
पंधरा वर्षांत थेंब न घेतलेला माणूस.
मी श्वास धरून उभी.
"चांगलं स्पिरिट आहे," ते नर्सला म्हणाले,
"लाख झकास विरघळेल."